सरांचे चाळीस मासे

आमच्या प्राणिशास्त्र विभागात शिरलं की आधी लवंगेचा वास यायचा. नवा विद्यार्थी हमखास विचारायचा, "सर, मटण कुठं शिजतंय?" कोल्हापुरात हा प्रश्न गैर नव्हता. पण तो वास माशांना गुंगी देण्याच्या तेलाचा असे. लवंगेच्या तेलाचे चार थेंब पाण्यात पडले की बोटाच्या पेराएवढा मासा आडवा होतो आणि त्याच्या छातीत कात्री घालता येते. ती कात्री आमच्या विभागप्रमुखांनी एका माजी विद्यार्थ्याकडून मिळवली होती. तो डोळ्यांचा डॉक्टर झाला होता. "मोतीबिंदूला वापरून झालेली असली तरी चालेल, माझी गिऱ्हाइकं तक्रार करत नाहीत," असं सरांनी त्याला कळवलं होतं.

मी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथं अधिव्याख्याता म्हणून लागलो. पहिल्या दिवशी वाकून नमस्कार केला तर सर म्हणाले, "पावणं, खाली काय सापडलं का?"

सगळ्यांना ते पावणंच म्हणत. प्राचार्यांना, संस्थेच्या विश्वस्तांना, विद्यापीठाच्या तपासणी समितीला, एकदा तर माझ्या बारा दिवसांच्या मुलीलाही. प्राचार्यांना ते खुपायचं, पण तक्रार करावी असा शब्द नसल्यानं त्यांची पंचाईत व्हायची. राग आला की मात्र सर शुद्ध पुस्तकी मराठीत बोलत. "कृपया आसनस्थ व्हावे" असं ते म्हणाले की पहिली दोन बाकं आपोआप रिकामी होत.

ते मूळचे पेठ वडगावचे. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. लहानपणी विहारात ऐकलेलं एक वाक्य सरांनी आयुष्यभर वापरलं: मी सांगतो म्हणून मानू नका. दर जूनमध्ये पहिल्या तासाला ते फळ्यावर लिहीत आणि वर्षभर पुसू देत नसत. आकृत्या त्याच्या आजूबाजूनं काढाव्या लागत. एका पठ्ठ्यानं परीक्षेत उत्तराच्या जागी लिहिलं, "हे सरांनी सांगितले आहे, म्हणून मी मानत नाही." सरांनी त्याला निम्मे गुण दिले. शेरा मारला, "पुढे स्वतः तपासून पाहायचे असते. ते राहिले."

सत्काराला ते जात नसत. सत्कार म्हणजे श्रद्धांजलीची रंगीत तालीम, असं त्यांचं मत होतं. पण शाली त्यांना लागत. ज्याचा कुणाचा सत्कार होई त्याच्याकडं दुसऱ्या दिवशी जाऊन ते शाल मागून आणत आणि हिवाळ्यात माशांच्या काचपेट्यांवर पांघरत. एकदा प्राचार्य पाहुण्यांना घेऊन आले आणि थबकले.

"ही माझी शाल आहे."

"व्हय, पावणं," सर म्हणाले. "हिच्याखाली पाणी सव्वीस अंशांवर राहतं. तुमच्या खांद्यावर काय राहत होतं?"

विभागाचा आणखी एक नियम होता. मेलेलं काही टाकायचं नाही. पाल असो, पिसू असो, की कुणीतरी कुतूहलानं आणून दिलेलं दोन तोंडांचं वासरू. मेलं की पोटाला चीर द्यायची, म्हणजे फॉर्मॅलिन आत जातं, मग बाटलीत घालायचं आणि बाटलीवर तारीख लिहायची. हे काम मामांचं. मामा म्हणजे आमचे शिपाई. शाहूवाडीकडचे, भातशेतीवाले. शिक्षण सातवी, पण सरांनी त्यांच्याकडून बेडूक इतक्या वेळा कापून घेतला होता की विद्यार्थी अडला तर मला न विचारता मामांना विचारायचा.

मासेही मामाच आणत. त्यांच्या खाचरालगतच्या ओढ्यात निळ्या पट्ट्यांचा एक बारका मासा असतो. रविवारी घरी गेले की सोमवारी ते दुधाच्या किटलीतून पन्नास-साठ घेऊन येत. मामांच्या मनात त्या माशाबद्दल आदर नव्हता. "आमच्यात कोंबडीबी ह्याला तोंड लावत न्हाय," ते म्हणत.

तर या कोंबडीनं नाकारलेल्या माशाबद्दल अमेरिकेतल्या एका जुन्या विद्यार्थ्यानं सरांना एक लेख धाडला. माणसाच्या हृदयाचा तुकडा मेला की तिथं व्रण धरतो, आणि व्रण काही धडधडत नाही; उरलेल्या स्नायूनं जमेल तसं ओढायचं. पण या माशाच्या हृदयाचं टोक कापलं, तरी दोनेक महिन्यांत तिथं नवा स्नायू येतो आणि व्रण विरून जातो. सरांनी लेख दोनदा वाचला, मग मामांना वाचून दाखवला.

"ह्यो मासा? आमच्या ओढ्यातला?"

"तुमच्याच."

"मग त्ये लोक आमच्याकडं का आलं न्हाईत?"

सरांना हे पटलं. लेखात लिहिलंय म्हणून मानायचं नव्हतंच. डिसेंबरात चार दिवसांत त्यांनी चाळीस माशांच्या हृदयांची टोकं कापली. मी भिंगाखाली दिवा धरून होतो. मोहरीएवढं हृदय, त्याचं पाचव्या हिश्शाचं टोक. कापलं की रक्ताचा ढग उठायचा, मिनिटभरात थांबायचा, आणि ताज्या पाण्यात सोडलेला मासा जरा वेळानं काही झालंच नाही असा पोहू लागायचा. चाळीसच्या चाळीस जगले. साठ दिवसांनी उघडून बघायचं ठरलं.

पंधराव्या दिवशी सरांना हृदयविकाराचा झटका आला.

स्टाफरूममध्ये याची कारणमीमांसा झाली. माशांचे तळतळाट, असा निष्कर्ष निघाला. निष्कर्ष काढणाऱ्यांपैकी दोघे वनस्पतिशास्त्राचे होते, त्यांना सुरक्षित वाटत असावं.

सर वाचले, पण हृदयाच्या खालच्या भागातला बराचसा स्नायू गेला. पंप पस्तीस टक्केच चालतोय, डॉक्टर म्हणाले. दोन महिने घरी, जिना नाही, आणि मुख्य म्हणजे धक्का बसेल असं काही कानावर घालू नका. शेवटची सूचना वहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, सगळ्यांना इतक्या दरडावून सांगितली की तिचाच धक्का बसावा.

मी आणि मामा दर बुधवारी भेटायला जायचो. सर पडल्या पडल्या विचारायचे, "मासे?"

"झ्याक हाईत," मामा म्हणायचे.

मासे झ्याक नव्हते. तो भारनियमनाचा काळ होता. दिवसातून कितीतरी तास वीज नसे, हवेचे पंप बंद, ऊब देणारे दिवे बंद, आणि शालींनाही मर्यादा असतात. रोज सकाळी एखादा मासा तळाशी पडलेला असायचा. जानेवारीतल्या एका सोमवारी मी लवकर गेलो, तर मामा काचपेटीत किटली ओतत होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी घड्याळाकडं बघितलं.

"चाळीस हाईत," मामा म्हणाले. "मोजून घ्या पायजे तर."

मी मोजले नाहीत. हे माझं या प्रकरणातलं योगदान.

फेब्रुवारीत सर कॉलेजला आले. विभाग दुसऱ्या मजल्यावर. अठ्ठेचाळीस पायऱ्या चढायला त्यांना वीस मिनिटं लागली. कठड्याला धरून, मध्येच पायरीवर बसून. वर आले तेव्हा ओठ निळसर झाले होते. श्वास जागेवर आला तसं त्यांनी लवंगेचं तेल मागितलं आणि बारा मासे उघडले. बाराही हृदयं अखंड. कापल्याची खूणसुद्धा नाही. सर बराच वेळ भिंगाला डोळा लावून होते. मग वर न बघता म्हणाले, "पावणं, कुठं कापलं होतं तेच दिसत नाही हो."

हा माणूस दुसऱ्याच्या प्रबंधात एवढा स्वच्छ निकाल दिसला असता तर "कृपया" म्हणाला असता. पण त्या दिवशी त्याचा एक हात भिंगावर होता आणि दुसरा स्वतःच्या छातीवर.

बातमी प्राचार्यांनी फोडली. एका स्थानिक दैनिकानं छापलं, "पंचगंगेच्या माशात हृदयरोगावर उतारा!" मासा पंचगंगेतला नव्हता, पण पंचगंगा मथळ्यात बरी बसते. दुसऱ्या दिवसापासून जिन्यावर रांग लागली. गांधी टोपीतले एक आजोबा पन्हाळ्याहून आले होते.

"पावणं, खायाचा कसा त्यो? तळून का रश्श्यात?"

"खायचा नाही, आजोबा."

"मग चघळून थुकायचा व्हय?"

सरांनी त्यांना पाणी दिलं आणि अर्धा तास हृदयाचं कार्य समजावलं. आजोबांनी ऐकून घेतलं आणि जाताना मामांना गाठून विचारलं, तांबड्या रश्श्यात की पांढऱ्या.

याच सुमारास मोठ्या शहरातल्या एका खासगी केंद्राचा समन्वयक आला. टाय, लॅपटॉप, आणि बोलण्यात 'नवसंजीवनी' हा शब्द दर दोन वाक्यांआड. त्यांच्या केंद्रात रोग्याच्या कमरेच्या हाडातली मज्जा काढून तिच्यातल्या पेशी हृदयात सोडत. मेलेल्या जागी नवा स्नायू धरतो, असं त्यांचं म्हणणं. सरांवर ते हा उपचार फुकट करणार होते. अट एकच, नंतर कोल्हापुरात मोठा कार्यक्रम घ्यायचा. दीपप्रज्वलन, प्राचार्य अध्यक्ष, आणि सरांनी आधी माशांबद्दल बोलायचं, मग स्वतःबद्दल.

सर हो म्हणाले. सत्कारालासुद्धा. हाडाला भोक आणि हृदयात सुई, याचे धोके लिहिलेल्या कागदावर त्यांनी न वाचता सही केली. ही सही पाहिली तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

"माशात होतंय म्हटल्यावर," सर म्हणाले, "आपण प्रयत्न करायला काय हरकत आहे?"

मी आणि मामा जिन्याच्या खाली जाऊन उभे राहिलो.

"तुमी सांगा," मामा म्हणाले. "तुमी शिकल्यालं."

"बदलले तुम्ही."

"बघितलं तुमी."

"पण धक्का बसला तर?"

"आन न्हाई सांगितलं आन तिकडं सुई टोचताना मेलं तर?" मामांनी टोपी काढली, डोकं खाजवलं. "त्येंचा इस्वास माझ्या किटलीवर हाय हो. माशावर कुठाय?"

शेवटी दोघं गेलो. सर टेबलाशी बसून भाषणाची टिपणं काढत होते.

"सर, एक बोलायचं हाय," मामा म्हणाले. "पर आदी गोळी घ्या."

"कसली गोळी?"

"जिभंखालची."

"छातीत दुखत नाही माझ्या."

"दुखंल की."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी पायऱ्यांवरून पडलेल्या माणसासारखा उभा असणार, कारण त्यांनी मुकाट्यानं गोळी काढली आणि जिभेखाली ठेवली. मामांनी ती विरघळेपर्यंत वाट पाहिली. मग एका दमात म्हणाले, "मासं मी बदललं."

सरांनी डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहत राहिले. पूर्ण एक मिनिट. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं.

"ब्याऐंशी," सर म्हणाले. "किती?"

"एकतीस."

"का?"

"तुमाला धक्का बसू नये म्हणून."

"ह्यांनाही माहीत होतं?"

"मी पाहिलं होतं, सर," मी म्हणालो.

"आपण उभयतांनी," सर हळूहळू म्हणाले, "या विभागाची अत्यंत मोलाची सेवा केलेली आहे." त्या मराठीनं मी आणि मामा एकेक पाऊल मागं सरलो. मग त्यांनी तोंडावरून हात फिरवला. त्यांनी नेहमीच्या आवाजात विचारलं, "आणि मेलेले कुठं टाकले?"

आता मात्र मामांना राग आला. "टाकीन कशाला? मेल्यालं टाकायचं न्हाय म्हणून तुमीच सांगितलंय की!"

त्यांनी कोपऱ्यातलं कपाट उघडलं. खालच्या फळीवर एकतीस बाटल्या ओळीनं. खोकल्याच्या औषधाच्या, डोळ्यांच्या थेंबांच्या, काही तर सरांच्याच गोळ्यांच्या. वहिनींनी भंगारात द्यायला म्हणून दिलेल्या. प्रत्येकीत एक मासा, पोटाला नीट चीर. प्रत्येकीवर मामांच्या अक्षरात तारीख आणि खाली कारण. "लाईट ३ तास नवती." "लाईट ५ तास नवती." एकीवर, "मला ताप हुता, आलो न्हाय."

सरांनी पहिली बाटली उचलून उजेडात धरली. मग दुसरी. मग खुर्ची ओढून कपाटासमोरच बसले.

पुढचे सहा आठवडे त्यांनी त्या एकतीस हृदयांचे काप काढले. नऊ सडलेली निघाली. उरलेल्यांपैकी विसाव्या-बाविसाव्या दिवशी मेलेल्यांत जखमेवर नुसती रक्ताची खपली होती. महिन्याच्या पुढं गेलेल्यांत खपलीच्या कडेनं नवा स्नायू सरकत आला होता. पन्नासाव्या दिवशी मेलेल्या दोघांत भोक जवळजवळ बुजलं होतं. आम्ही पाळीपाळीनं भिंगात बघितलं. मामांनी सगळ्यात जास्त वेळ बघितलं.

"म्हंजे ही बरी व्हायला लागली हुती?"

"हृदय बरं होत होतं," सर म्हणाले. "मासा भारनियमनानं मेला."

लेख खरा होता तर. पण सरांनी वर्तमानपत्राला पत्र लिहून आपला जाहीर झालेला निकाल मागं घेतला. मासे बदलले गेले होते, विभागप्रमुख म्हणून चूक माझी आहे, एवढंच. मामांचा उल्लेख नव्हता. ते पत्र 'हरवले आहेत'च्या वर दोन बोटं जागेत छापून आलं. प्राचार्यांनी कार्यक्रमाची तारीख आधीच जाहीर केली होती. ते सरांशी वर्षभर बोलले नाहीत, आणि त्यामुळं त्यांना पावणं म्हणवून घ्यावं लागलं नाही.

समन्वयक धावत आला. मासे जाऊ देत, म्हणाला, आमच्याकडं माणसं आहेत. त्यानं लॅपटॉपवर फोटो दाखवले. हसरी माणसं, हार घातलेली, नातवंडांबरोबर. सर एकेक फोटो चष्मा वर करून पाहत होते. पाहून झाल्यावर म्हणाले, "छान आहेत. ह्यातले मूळचे किती?"

"सर, समजलं नाही."

"सुई घेतलेली सगळी माणसं ही एवढीच, की काही बदललीत? जे मेले ते कुठं ठेवलेत?"

"सर, आम्ही सकारात्मक बाजू दाखवतो."

"आमच्यात हाईत बाटल्या," मामा दारातून म्हणाले. "बगणार का, पावणं?"

समन्वयकानं बाटल्या बघितल्या नाहीत. चहाही घेतला नाही.

मी ही गोष्ट सांगतो तेव्हा लोक इथं हसतात. वहिनी हसल्या नव्हत्या. त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी होतो. "फुकट मिळत होतं," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांना होतोय ना उपयोग? एवढ्याएवढ्या माशांपायी तुम्ही मला पस्तीस टक्के नवऱ्यावर ठेवणार?"

"उपयोग होईलही," सर म्हणाले. "मला माहीत नाही. त्यांनाही माहीत नाही. ते तसं म्हणाले असते तर मी गेलो असतो."

"आणि तोवर?"

सरांनी गोळ्यांची डबी उघडून रात्रीच्या गोळ्या वेगळ्या केल्या. वहिनी उठून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. त्यांचं चुकलं होतं असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही, आजही येत नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी कॉलेजला अर्ज दिला. जिन्याच्या तिन्ही वळणांवर एकेक खुर्ची मिळावी, कारण, "विभागप्रमुखांचे हृदय दुरुस्त होण्याची शक्यता तूर्त दिसत नाही." खुर्च्यांच्या खरेदीला तीन ठिकाणचे दर मागवावे लागतात, त्यामुळं मंजुरीला चार महिने लागले. तोवर मामांनी प्रयोगशाळेतली स्टुलं नेऊन ठेवली. सर चढायचे, बसायचे, चढायचे. निवृत्त होईपर्यंत दोन वर्षं आणि त्यानंतरही अधूनमधून ते असेच वर येत राहिले. डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीपेक्षा पुष्कळ जास्त टिकले, याचं श्रेय कुणाला द्यायचं हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मुलांना मात्र सर कुठल्या वळणावर सापडतील याचा अंदाज आला होता. अडलेलं पान घेऊन ती तिथं पायऱ्यांवर बसत, आणि कधीकधी अठ्ठेचाळीस पायऱ्यांना दीड तास लागे.

सरांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षातली गोष्ट. मी वरून उतरत होतो. तिसऱ्या वळणावरच्या खुर्चीत मामा बसले होते, टोपी मांडीवर, तोंड घामानं भिजलेलं. मामाही साठीला टेकले होते. खालून सर आले, धापा टाकत, कठडा धरून. मामा उठू लागले.

"बसा," सर म्हणाले.

"तुमची हाय की खुर्ची."

सरांनी भिंतीला पाठ टेकली. श्वास पुरेना म्हणून आधी नुसता हात हलवला. मग म्हणाले, "दोघांचा दम जागेवर येईस्तोवर थांबू. वरती कुठं काय मरतंय?"

"लाईट न्हाय सकाळधरनं," मामा म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. मी परत फिरलो आणि काचपेट्यांवर शाली पांघरायला वर धावलो.